न मिटणारा पलंग

सोलापूर स्टेशनावर चेन्नईची मेल थोडकाच वेळ थांबते. तेवढ्यात अण्णांनी माझी वळकटी बर्थखाली कोंबली, खाली उतरले आणि खिडकीतून म्हणाले, "पोचलीस की आधी पाठ टेक. बाकी सगळं नंतर." आई उगाच खिडकीचे गज पदराने पुसत होती. ते बघून मला रडू आलं.

तुम्हा घरच्यांना अजून वाटतं, मी चेन्नईत सुतारकाम करते. जवळजवळ तसंच. नुंगंबाक्कमच्या ऑफिसात मी पलंग डिझाइन करायचे, ते बनायचे गुम्मिडिपूंडीच्या फॅक्टरीत. गिऱ्हाइकं बहुतेक सिरुसेरीची आयटीवाली, त्यात आपली मराठी मुलंही. मागणी ठरलेली: आईबाबा कधीतरी येतात तेव्हा पलंग हवा, एरवी दिसायला नको. मग मी असा पलंग काढायचे, की भिंतीत उभा मिटला की त्याच्या पाठीवर टेबल उघडावं आणि बाजूला पुस्तकं राहावीत. जागा वाचवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

आई गेल्यावर अण्णांना मी इकडे आणलं, कायमचं. त्यांच्यासाठी माझं सगळ्यात चांगलं डिझाइन लावलं. रोज सकाळी चादरीची घडी घालून ते पलंग मिटून ठेवायचे. मग त्या टेबलावर माझी मुलगी अभ्यास करायची आणि अण्णा खाली वॉचमनशेजारी जाऊन बसायचे. त्याला मराठी येत नव्हतं, यांना तमिळ. दोघांचं छान जमतं म्हणून आम्ही हसायचो. एका दुपारी मी अवचित घरी आले, तर अण्णा मिटलेल्या पलंगाजवळ जमिनीवर सोलापुरी चादर टाकून झोपलेले.

"अण्णा, पलंग उघडायचा ना."

"रात्रीचं ठीक आहे गं. दिवसा पाठ टेकायची तर तुझं घर मोडावं लागतं."

रागावले नव्हते. पोंगल झाल्यावर सोलापूरला परतले, दादाकडे, आपल्या लोखंडी खाटेवर. "येईन की अधूनमधून," म्हणाले. आले नाहीत. त्या खाटेवरच एका दुपारी झोपेत गेले.

तेराव्याला शय्यादान असतं. गेलेल्याच्या नावाने गादी-उशीसकट पलंग द्यायचा. दादा म्हणाला, बाजारातून आणू. मी नको म्हटलं आणि फॅक्टरीत फोन लावला. फोरमन सेल्वम मापं लिहून घेत होता.

"खाली ड्रॉवर, मॅडम?"

"वेंडाम," मी म्हटलं. नको.

"फोल्डिंग?"

"वेंडाम. नुसता पलंग."

त्याला पटेना. माझ्या हातून असलं काही कधी गेलंच नव्हतं. "यारुक्कु, मॅडम?" कोणासाठी, असं तो विचारत होता.

"अप्पावुक्कु." वडिलांसाठी.

पलंग लॉरीने सोलापूरला आला. तुम्ही ट्रक म्हणता. माझ्या तोंडात आता लॉरीच बसलंय. अंगणात तो मांडला, गादी घातली, अण्णांची छत्री आणि चपला खाली ठेवल्या. गुरुजी संकल्प सांगत होते. मला एवढंच दिसत होतं, की भर दुपार आहे आणि अण्णांचा पलंग उघडा आहे. मग टेंपो आला आणि तो घेऊन गेला.

इथला भिंतीतला पलंग मी आता दिवसाही मिटत नाही. टेबल गेलं म्हणून मुलगी कुरकुरते आणि जमिनीवर बसून अभ्यास करते. "कोण येणार आहे का?" विचारते. कोणी येणार नाही. पण खोलीत तो जेवढी जागा अडवतो, तेवढंच मला आता घर वाटतं.