एका पोत्याचा डाकू

"आणि मग साहेब, मी त्याच्या छातीवर सुरा ठेवला," शांतवन म्हणाला.

करंदीकरांच्या हातातला चहाचा कप तोंडापाशी जाऊन तिथेच थांबला. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते लेबर ऑफिसर होते. त्यांच्या गोडाऊनमध्ये एक हमाल हवा होता, आणि ती जागा शांतवनला मिळावी म्हणून मी बरेच दिवस त्यांच्याकडे चपला झिजवत होतो. मी तेव्हा आफ्टर-केअर ऑफिसर. म्हणजे तुरुंगातून सुटलेल्या माणसाला काम आणि निवारा बघून द्यायचा, आणि तो परत आत जाणार नाही याची काळजी घ्यायची. खातं सरकारी, तेव्हा जबाबदारी सगळी आपली आणि हातात काही नाही.

शेजारी पाळकसाहेब बसले होते. अंबरनाथच्या लहानशा मराठी चर्चचे ते पाद्री. ते डोळे मिटून प्रसन्नपणे मान डोलवत होते. मला मात्र घाम फुटला. शांतवनची केस मला पाठ होती. या गड्यानं कल्याणच्या रेल्वे यार्डातून कोळशाचं एक पोतं उचललं होतं. तेही फाटकं. कोळसा रस्ताभर सांडत गेला आणि त्याच्या मागोमाग पोलीस थेट घरी आला. यात सुरा कुठे बसतो?

करंदीकरांनी कप खाली ठेवला आणि "विचार करून कळवतो" म्हणाले. ऑफिसच्या भाषेत याचा अर्थ काय, ते मी सांगायला नको.

गेटबाहेर आल्यावर मी शांतवनचा दंड धरला. "सुरा कुठून आणलास रे?"

तो खाली बघत म्हणाला, "बदलापूरच्या सभेत आला, साहेब."

आता चर्चबद्दल सांगतो. उगाच कशाला नावं ठेवू, माझ्या खात्याला जन्मात जमलं नसतं ते या लोकांनी पंधरवड्यात करून दाखवलं. चर्चमागची खोली त्याला राहायला दिली. जेवण घरोघरी पाळीनं. कोणी सदरा दिला, कोणी घोंगडी. अट एकच, आणि तीसुद्धा प्रेमानं घातलेली: रविवारी उपासनेत त्यानं साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे सगळ्या मंडळीसमोर उभं राहून आपण कसे वाईट होतो आणि देवानं कसं सावरलं ते सांगायचं.

पहिल्या रविवारी शांतवननं पोत्याची हकीकत सांगितली आणि तो खाली बसला. लोक मात्र पुढे काय होतं म्हणून वाट बघत राहिले. भास्करराव नावाचे एक पेन्शनर मास्तर चर्चचे पंच होते. त्यांनी नंतर त्याला बाजूला घेतलं. ठीक आहे, पण अजून खोलात जा, पापाची भीषणता दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मास्तरच ते, निबंध तपासायची सवय जाते कुठे?

मग शांतवन खोलात गेला. दुसऱ्या रविवारी एका पोत्याची चार पोती झाली. पुढे वॅगन फुटली. त्याचं नाव झालं, आमंत्रणं येऊ लागली. उल्हासनगरच्या कॅम्पात, निर्वासितांच्या बराकीत सभा झाली, तिथे त्यानं हिंदीत साक्ष दिली आणि टोळी तयार झाली. तिथल्या एका सिंधी दुकानदारानं शंका काढली म्हणे, की डाकू इतका हडकुळा कसा? पण ती हसण्यावारी गेली. बदलापूरला बायका डोळ्यांना पदर लावून रडल्या, आणि नंतर त्यांनी ताटात आग्रह करकरून वाढलं.

"त्यांचं मीठ खातो, साहेब," तो मला म्हणाला. "त्यांना बरं वाटावं असं वाटतं ना."

मी त्याचा दंड सोडला.

खरी गोष्ट नोकरीच्या पुढची होती. शांतवनची बायको रूथ आणि लहान मुलगी बदलापूरला तिच्या भावाकडे राहत होत्या. भावानं बजावलं होतं, की पक्की नोकरी लागली की पाठवतो, त्याआधी नाही. तो भाऊ त्या बदलापूरच्या सभेला बहिणीला घेऊन आला होता. छातीवरचा सुरा ऐकला आणि तो तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. आता नोकरी लागो न लागो, बहीण पाठवायची नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

करंदीकरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी चर्चच्या अंगणात मी, पाळकसाहेब आणि भास्करराव पुढचा विचार करत उभे होतो. तेवढ्यात रूथ आली. भावाला न सांगता आली होती.

"हा माणूस कोंबडी कापायची म्हटलं की शेजाऱ्यांकडे जाऊन बसतो," ती म्हणाली. "आणि माझी पोर मला विचारते, बाबांनी किती माणसं मारली? तुम्हाला चोर हवा होता ना? मग जेवढा आहे तेवढाच घ्या की."

भास्करराव पुटपुटले, की लोकांवर परिणाम मात्र फार चांगला होत होता. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं. मग रूथला म्हणाले, "बाई, चूक माझी आहे." भला माणूस. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मला माझ्या कुठल्याही वरिष्ठाबद्दल कधी वाटलेलं नाही.

पण निस्तरायचं कसं? करंदीकरांना जाऊन सांगावं, की सुरा खोटा होता, तर डाकू वर खोटारडाही निघाला असता. शेवटी पाळकसाहेबांनी हंगामाच्या सणाचं आमंत्रण करंदीकरांना आणि रूथच्या भावाला दिलं. या सणाला लोक आपल्याकडचं धान्य, भाजी, कोंबड्या देवाला म्हणून चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. करंदीकर चर्चसाठी आले नसते. ताज्या भाजीसाठी आले. रूथचा भाऊ आला आणि दाराशीच उभा राहिला.

लिलावाआधी शांतवन उभा राहिला. त्यानं बाकाची पाठ धरली होती. सुऱ्याची गोष्ट सांगताना धरावी लागली नव्हती.

"मी कोळशाचं एक पोतं चोरलं," तो म्हणाला. "घरात जळण होतं. विकून सिनेमा बघायचा होता. पोतं फाटकं होतं म्हणून सापडलो. टोळी नव्हती, सुरा नव्हता. तुम्ही जेवू घालत होता म्हणून मी वाढवून सांगत गेलो. माफ करा."

कोणी रडलं नाही. कोपऱ्यात पाय बांधून ठेवलेली कोंबडी तेवढी फडफडली. भास्करराव माझ्या कानाशी लागून म्हणाले, की मागची जास्त चांगली होती.

लिलाव संपल्यावर करंदीकर काखेत दुध्या घेऊन माझ्यापाशी आले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"फाटकं पोतं घेऊन चोरी करायला गेला? तो कसला चोर! सोमवारी पाठवा. फक्त पोतं तपासून उचलायला सांगा त्याला."

शांतवन कामाला लागला. महिन्याभरानं रूथचा भाऊ स्वतः ट्रंक उचलून बहिणीला आणि भाचीला पोचवून गेला. साक्षीची आमंत्रणं बंद झाली, कारण एका पोत्याची साक्ष कोणाला हवी होती? लोक शांतवनला हळूहळू चक्क विसरले. त्याला चर्चमध्ये कोणी काही विचारीना. सतरंज्या उचल, बाकं लाव, पोरीला रविवारच्या शाळेत पाठव, एवढंच.

काही वर्षांनी तिथे नवे पाळक आले. उत्साही होते. त्यांनी कैद्यांसाठी खास उपासना ठरवली आणि खात्याचा माणूस म्हणून मला भाषणाला बोलावलं. सुरुवातीलाच त्यांनी पंचांना विचारलं, की आपल्या मंडळीत कोणी तुरुंगातून सुटून आलेला आहे का, साक्षीसाठी बरं होईल.

भास्करराव आता पार थकले होते. ते काठीवर हनुवटी टेकून विचार करत बसले. मग म्हणाले, "नाही बुवा. आपल्या मंडळीत तसलं कोणी कधीच नव्हतं."

शेजारी गीतांची पुस्तकं वाटत शांतवन उभा होता. मास्तरांच्या हातात त्यानं एक पुस्तक दिलं आणि पान काढून दिलं.

म्हाताऱ्याला खरंच आठवत नव्हतं की मुद्दाम तो भर चर्चमध्ये धडधडीत खोटं बोलला, ते मी कधी विचारलं नाही. आफ्टर-केअर कसं करावं, यावर मी तयार केलेलं भाषण मात्र खिशातच ठेवलं. त्यात यापेक्षा चांगलं काही नव्हतं.