फळ्याची डावी बाजू

प्रमोदभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नव्या बॅचच्या कामांची यादी करत होते. खडू, दोन माउस, फळा रंगवणे. फोनवर त्यांची मुलगी होती. "मॅडम, बाबा गेले… सकाळी गाडी पुसता पुसता बसले, ते उठलेच नाही." पुढे काय करायचं ते मला एरवी लगेच सुचतं. त्या दिवशी नाही सुचलं.

फुलचूरला मी आणि प्रमोदभाऊंनी मिळून कॉम्प्युटर क्लास काढला, आणि पोरांना प्रोग्रामिंगची आधी कोणती भाषा शिकवायची यावर आमचं कधीच जमलं नाही. मी पायथनची, ते सीचे. तोडगा त्यांनीच काढला. पहिल्या दिवशी फळ्याचे दोन भाग करायचे, एकच गणित दोघांनी आपापल्या भाषेत लिहायचं, आणि पोरांनी हात वर करून ठरवायचं. मधली रेघ पुसली जायची म्हणून त्यांनी ती ऑइलपेंटनं पक्कीच ओढून टाकली. गणित ठरलेलं, धानाच्या तीन पोत्यांचं सरासरी वजन. उजवीकडे माझं चार ओळींत संपायचं. डावीकडे भाऊ अजून कंसच उघडत असायचे.

"झालं का वो भाऊ?"

"थांबा ना मॅडम. आत्ता तं पोते ठेवाले जागा करून राहिलो."

त्यांचं म्हणणं, सी आधी विचारते, काय ठेवता, कुठं ठेवता. पोट्ट्याले समजू द्या आत काय होऊन राहिलं. माझं म्हणणं, बोदलकशाहून बसनं येणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी उत्तर दिसलं नाही तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही. एकदा ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस जास्त पडली आणि माझा प्रोग्राम भर वर्गात अडला. "काऊन वो, न दिसणाऱ्या गोष्टीवर चालते का तुमची भाषा?" पोरं आठवडाभर हसत होती.

मतदानात सगळा वर्ग पायथनला. सीला एकच हात, मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भाऊंचा. "मास्तरचं मत मोजत नाहीत," मी म्हणायचे. "काऊन? मी काय वर्गात नाही का?" महिनाभरात कुणीतरी विचारायचंच, सर, हे आतून कसं होते? की झाली त्यांची सी सुरू…

फळा रंगवायला आलेल्या पेंटरनं विचारलं, "मॅडम, ये लाइन भी ढक दूँ?" "रहने दो," मी म्हटलं.

गेल्या महिन्यात नवी बॅच बसली. उजवीकडे माझ्या चार ओळी लिहून झाल्या आणि सवयीनं मी वाट बघत उभी राहिले. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तिकडली बाजू कायले रिकामी ठेवली?" मग मी रेघ ओलांडून सी लिहायला घेतली. बराच वेळ लागला. झालं का, असं विचारणारं कुणी नव्हतं.

पायथनला सगळे हात वर. "आणि सीला?" मी मागच्या भिंतीकडे पाहिलं… आणि माझाच हात वर गेला.

"तुमचं मत मोजाचं का मॅडम?"

"मोज."

पुढच्या बाकावरच्या त्या मुलीनं उठून रेघेच्या डावीकडे एक लिहिला. फळा मी रोज पुसते. तो एक अजून तसाच आहे.