टेकडीपलीकडची हाक

नोकरीतल्या बहुतेक केसेस मी ठाण्यातच ठेवून आलो. ही एक मात्र माझ्या मागोमाग घरी आली आणि निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

नेवाडातल्या विरळ वस्तीच्या एका काउंटीत मी डिटेक्टिव्ह होतो. एका दुपारी एका गुरंवाल्याचा फोन आला. कच्च्या रस्त्यावर एक ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, एका बाजूला कलून उभा आहे. दार सताड उघडं, पायरीवर रक्त, आणि माणूस कुणी नाही.

ट्रेलर साधा, हायवेवर ओढायचा. त्या रस्त्याला मात्र पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या. हादरे बसून बसून खालची स्प्रिंग तुटली होती. आत कपाटं उघडी, बश्यांचा चुरा, कुकर जमिनीवर, आणि सगळ्यावर पिठासारखी धूळ. त्या धुळीत बायकी चपलांची पावलं दारापर्यंत गेलेली. बाहेर सगळा खडक, तिथे माग संपला.

नवरा गावातल्या पेट्रोल पंपावर सापडला. ट्रेलरपासून आपली पिकअप सोडवून मदत आणायला आला होता आणि बंद गाड्या ओढून नेणाऱ्या टो ट्रकवाल्याशी बोलत होता. दूरच्या ट्रॉय शहरातून आलेला, मोटार कंपनीतून निवृत्त झालेला इंजिनिअर. बायको कुठे विचारलं तर म्हणाला, "ट्रेलरमध्ये. चहा करत असेल."

बायको बेपत्ता झाली की पहिला संशय नवऱ्यावर, हा आमच्या धंद्याचा नियम, आणि तो बहुधा खरा ठरतो. मी त्याला माझ्या गाडीत घालून जागेवर परत नेलं. शोधपथकाजवळ संशयिताला फिरकू द्यायचं नसतं, म्हणून काचा वर केल्या आणि आतच जबाब सुरू केला. माझ्या छातीवरचं आडनाव वाचून तो मराठीत बोलू लागला.

"काका, भांडण झालं होतं?"

"झालं ना. ती म्हणाली, हा रोड आपल्या ट्रेलरसाठी नाही. डीलरनेही वॉर्न केलं होतं. मी म्हटलं, आयुष्यभर सस्पेन्शन डिझाइन केलंय, मला शिकवू नकोस."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. अर्थात हे मी मनातच म्हटलं.

"आणि रक्त?"

"मी निघालो तेव्हा ती काचा उचलत होती. हात कापला असेल. ऑफिसर, मला उतरू द्या. तिच्या शुगरच्या गोळ्या माझ्या खिशात राहिल्यात."

सूर्य बुडाला होता. बाहेर आमचा सार्जंट कर्ण्यावरून तिच्या नावाने हाक मारत होता. एक हाक, मग कान देऊन थांबायचं, मग पुढची जागा, अशी आमची पद्धत. प्रत्येक हाकेनंतर जी शांतता व्हायची ती मला सहन होईना. मला भीती वाटत होती, आणि ती फक्त त्या बाईच्या जिवाची नव्हती.

काका मान हलवत म्हणाले, "अशाने ती येणारच नाही. एकेकदाच बोलावताय तुम्ही. ती कोकणातली आहे, दिवेलागणीनंतर एका हाकेला ओ देत नाही. घरी मी बेसमेंटमधून हाक मारली तरी तिसरीपर्यंत थांबते. मुलं हसतात तिला."

माझी आईही हेच सांगायची. अंधारात एकदाच हाक मारून गप्प बसतं, ते माणूस नसतं.

मी नियम मोडला. काकांचा दंड धरून त्यांना खाली उतरवलं.

"अगं, ऐकलंस का? अगं ए, ऐकलंस का? अगं, मी आहे."

खालच्या कोरड्या ओढ्यातून आवाज आला, "ओ. इथे आहे मी."

काकू एका कपारीत बसल्या होत्या. घोटा सुजलेला, कापलेल्या हाताला ओढणी बांधलेली. हादऱ्यांनी ट्रेलरमधला गॅसचा पाइप सैल झाला होता. वास आल्याबरोबर त्या दार उघडं टाकून लांब निघून आल्या आणि ओढ्यात घसरल्या. काकांनी गोळ्या दिल्या, मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्या नवऱ्यावर किंचित चिडल्या.

"मघाशी 'अगं' म्हणून एकदाच हाक मारलीत आणि गप्प बसलात. त्या टेकडीपलीकडून. मी सरपटत निघालेच होते. मग म्हटलं, दुसरी येऊ दे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पंपावरून आणल्यापासून ते बंद काचांआड माझ्या शेजारीच बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी टेकडीपलीकडे गेलो. झुडपांत चांदीच्या जुन्या खाणीचं उघडं तोंड होतं, कुंपणाशिवाय. आत दगड टाकला. तो पडल्याचा आवाज आला नाही.

अहवालात मी 'कर्ण्याचा प्रतिध्वनी' असं लिहिलं. सार्जंटला मराठीचा गंध नव्हता, हे लिहिलं नाही. या केसने मला एवढं शिकवलं, की लोक ज्यावर हसतात ते आधी नीट ऐकून घ्यावं. आता संध्याकाळी बायकोने अंगणातून हाक मारली की मी तिसरीपर्यंत थांबतो. ती वैतागते. वैतागू दे.