पाण्यासारखं सपाट

“एवढी इंग्रजी शाळा शिकली, अन् आता पोरगी काडीनं गोटी ढकलून राहिली.”

शेजारची काकू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या मातीच्या बांधावर, उभी राहून आईला सांगत होती. मी घरामागच्या बांधीत उकिडवी बसून चेंडू आणि खड्डा यांच्यामधलं गवत न्याहाळत होते. माझी पाठ त्यांच्याकडे होती, आणि पाठ केली की माणसाला ऐकू येत नाही, असा काकूचा पक्का समज आहे.

“त्याचे पैसे भेटतात,” आई म्हणाली.

“मंग माह्या म्हशीले बी घ्या म्हना. तेही दिवसभर गवतातच राहते.”

आई हसली. मीही हसले, पण मान न वळवता.

मी व्यावसायिक गोल्फ खेळते. हे लिहायला सोपं आहे, बोलायला मला अजून जमत नाही. नागपूरहून येताना कोहमाऱ्याला उतरले की माझी लांबडी बॅग पाहून कोणीतरी विचारतंच. तिथल्या ढाब्यावरच्या माणसानं एकदा विचारलं, “मॅडम, मछली पकड़ने का सामान है क्या?” समजावून सांगण्यापेक्षा मान हलवणं सोपं होतं. तेव्हापासून त्याच्या लेखी मी इटियाडोहच्या धरणावर मासे धरायला जाते. मागच्या खेपेला त्यानं विचारलं, “मिला कुछ?” मी म्हटलं, “थोड़ा.”

खेळ लागला तो मामामुळे. माझी शाळा गोंदियाला, पण सुट्ट्या नागपूरला मामाकडे जायच्या आणि मामा एका गोल्फ मैदानाच्या ऑफिसात कामाला होता. शाळेत कबड्डी असो की खो-खो, ओरडावं लागायचं. इथे कोणी ओरडलं तर लोक रागानं बघायचे. माझ्यासारख्या मुलीला एवढं पुरेसं होतं. पुढे मी बऱ्यापैकी खेळू लागले, स्पर्धा जिंकल्या, आणि शेवटी व्यावसायिक झाले. व्यावसायिक झालं म्हणजे काय बदललं, असं आईनं विचारलं होतं. आधी हरलं तर वाईट वाटायचं, आता हरलं तर वाईट वाटून वर बसचं तिकीटही आपल्यालाच काढावं लागतं, एवढंच मला तेव्हा सुचलं.

दर वर्षी आम्हाला पात्रता फेरी खेळावी लागते. तिच्यात वर आलेल्यांना कार्ड मिळतं, म्हणजे त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धांत खेळायचा परवाना. गेल्या वर्षी ते माझ्या हातून गेलं. लांबचे फटके ठीक पडले, पण ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, सगळा घोळ झाला. ग्रीनला बारीक बारीक उतार असतात. ते मला वाचता आले नाहीत. चेंडू खड्ड्याकडे निघायचा आणि ऐन वेळी दुसरंच काही काम आठवल्यासारखा वळून जायचा.

घरी आल्यावर मी जेवताना एवढंच म्हटलं, “जवळचे फटके चुकले.” आईनं भाकरी वाढली आणि ठरवून टाकलं, की पुढच्या खेपेला कार्ड नाही मिळालं तर तालुक्याच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायला लागायचं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

पाऊस लागला, तसे बाबा घरामागच्या बांधीत उतरले.

बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेला धानाच्या शेताचा तुकडा. तिच्यात पाणी उभं राहिलं पाहिजे, आणि सगळीकडे सारखं राहिलं पाहिजे. या कामात बाबांचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नाही. चिखल झाला की ते फळी अशी फिरवतात की वरचं पाणी आरशासारखं पडतं. लोक त्यांना आपल्या बांध्या दाखवायला नेतात. ते धुऱ्यावर उभे राहतात, एक डोळा मिटतात आणि “त्या कोपऱ्यात चढ आहे गा” म्हणतात. तिथे चढ असतोच.

पोरीचे जवळचे फटके चुकतात, म्हणजे तिला जवळ खेळायला चांगली जागा नाही, असं त्यांनी धरलं. आणि चांगली जागा म्हणजे कशी, याबद्दल त्यांच्या मनात शंका असायचं कारणच नव्हतं. पावसाळाभर ते राबले. चिखल केला, फळी फिरवली, पाणी भरून बघितलं, पुन्हा फळी फिरवली. मग दूब, म्हणजे हरळी, लावली. बकऱ्या शिरू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण केलं. आईचा चहापत्तीचा डबा जमिनीत पुरला आणि खताच्या पिशवीचा झेंडा काठीला बांधला.

“पाय बेटा,” ते म्हणाले. “पान्यासारखं सपाट केलं. काही कमी असंन तर सांगजो.”

मी म्हटलं, “मस्त आहे, बाबा.”

खरंच मस्त होतं. इतकं सपाट ग्रीन जगात दुसरं नसेल. चेंडू जिकडे ढकलावा तिकडे सरळ जायचा. मी कुठूनही मारलं तरी डब्यात टण्णकन आवाज यायचा. बाबा संध्याकाळी कोणाला ना कोणाला घेऊन यायचे, मी चेंडू मारायचे, टण्ण व्हायचं आणि पाहुणे मान डोलवायचे. “गेल्या साली हे राहतं, तर कार्ड घरी येतं,” बाबा म्हणायचे. मग सपाटी सिद्ध करायला मोटर सुरू करून बांधीत पाणी सोडायचे. पाणी चारही कोपऱ्यांत एकदम पोचायचं. पाहुणे पुन्हा मान डोलवायचे. त्यानंतर बांधी वाळेपर्यंत मी ओसरीत बसून राहायचे.

उतार वाचायला शिकायचं होतं, आणि घरी उतार औषधालाही नव्हता. हे त्यांना सांगायला मी रोज सकाळी वाक्य तयार करायचे. मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. चहा येईपर्यंत तिन्ही संपायची.

मग काकूच्या म्हशीनं दावं तोडलं.

पहाटे ती कुंपण मोडून आत आली आणि आदल्या दिवशीच्या पाण्यानं मऊ झालेल्या कोपऱ्यात निवांत लोळली. तिच्या वजनानं धुरा फुटला, पाणी तिकडून वाहून गेलं आणि त्या बाजूची जमीन हळूच खाली बसली. काकू भांडंभर दही घेऊन माफी मागायला आली. बाबा दह्याकडे बघेनात. आपल्या बांधीत उतार, हे त्यांना घराण्याची बदनामी झाल्यासारखं लागलं. पण धानाची मळणी सुरू होती. दुरुस्ती पुढे गेली.

जमीन वाळल्यावर मी खुरांच्या खुणा माती घालून बुजवल्या, वरवंटा फिरवला आणि सहज एक चेंडू मारला. तो खड्ड्याकडे निघाला आणि वळला.

मला इतका आनंद झाला की मी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना.

मग रोज तिथेच. वरून मारायचं, बाजूनं मारायचं, चुकायचं, पुन्हा खाली बसून बघायचं. हळूहळू चेंडू कुठे वळणार ते आधीच कळू लागलं. पण धुऱ्यावरून दिसायचं एवढंच, की आधी टण्ण व्हायचं आणि आता होत नाही.

म्हणून त्या दिवशी म्हशीचा विनोद करून झाल्यावर काकू आवाज खाली आणून आईला म्हणाली, “पन वैनी, आता गोट्या काऊन जाऊन नाई राहिल्या? माह्या म्हशीनंच घात केला न व.”

आईनं हे बाबांना सांगितलं असणार. कारण थोड्याच वेळात ते मळणी सोडून आले. अंगावर भूस, एका खांद्यावर फावडं, दुसऱ्यावर फळी. पात्रता फेरीला मी पुढच्याच आठवड्यात निघणार होते.

“तू काळजी नको करू,” ते म्हणाले. “आज बराबर करून देतो. उद्यापर्यंत पहिल्यासारखं होते.”

त्यांनी फावडं त्या कोपऱ्याला लावलं. काकू मदतीला पदर खोचून तयार. आई मोटर सुरू करायला निघाली. मी चेंडू हातात घेऊन उभी. नेहमीचं “मस्त आहे, बाबा” जिभेवर आलं होतं. बाबांनी पहिली माती उचलली.

मी त्यांच्या फावड्याचा दांडा धरला. माझा आवाज बहुधा जरा मोठाच निघाला, कारण काकूची म्हैसही वळून बघू लागली.

“बाबा, नका बुजवू! मले उतारच पाहिजे. तिकडला धुरा बी फोडा.”