टेकडीवरच्या घराचा बेत

बस आगारातल्या टाइमकीपरला सगळे घड्याळकाका म्हणत आणि त्यांनाही ते मनापासून आवडे. फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत बसायचं आणि कुठली गाडी कधी सुटली, कधी परतली ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. पण हा नाद एकदा लागला की घरीदारी सुटत नाही. दूध तापायला किती वेळ लागतो आणि शेजारचे गृहस्थ आंघोळीत किती वेळ घालवतात, दोन्ही त्यांना तोंडपाठ. शेजाऱ्यांना याचा पत्ता नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं.

काकू पडदे शिवत. दुकानदार कापड पाठवायचा, काकू गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायच्या आणि शिवलेले पडदे स्वतः पोचवून यायच्या. त्यांची एकुलती मुलगी नोकरीसाठी समुद्रकाठच्या एका शहरात गेली होती. ते शहर बंदरापासून जे चढायला लागतं ते थेट टेकडीच्या माथ्यापर्यंत. रस्ते थोडे आणि पायऱ्याच फार. तिथे अगदी वरच्या अंगाला तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आईबाबांना फोन केला. दोघंही या, म्हणाली, खिडकीतून अख्खं बंदर दिसतं. काकूंनी लगेच त्या खिडकीचं माप विचारून घेतलं.

काकांनी त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. अशा कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आगारातली निम्मी मंडळी त्यांना विचारून सहलीला जात. आगगाडी कुठली, बंदरावर जायला बस कुठून, दीपगृह सकाळी बघायचं की दुपारी, सगळं जुळत आलं. घोडं अडलं ते पायऱ्यांपाशी, कारण काकूंचे गुडघे.

गुडघ्यांचं हे दुखणं दोनेक वर्षांपूर्वीचं. त्याच सुमारास काकांना छातीत दुखून दवाखान्यात राहावं लागलं होतं. बाहेर आल्यावर 'नुसता गॅस होता' असं ते गावभर सांगत सुटले, आणि इकडे काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले. दोघं फिरायला निघाली की पुलाच्या जिन्यावर काकू थांबणार. पुढे दवाखान्याच्या चढावर पुन्हा थांबणार. काका कमरेवर हात ठेवून वाट बघत आणि कोणी ओळखीचं भेटलं की म्हणत, 'आमची ही मालगाडी. दिसेल त्या सिग्नलला थांबते.' लोक हसत. एका लग्नात तर त्यांनी काकूंच्या चालीची नक्कल करून दाखवली होती. काकूही हसल्या होत्या.

आता नव्या मार्गाचं वेळापत्रक करायचं तर काकांची एक रीत होती. ते साध्या कपड्यात गाडीत बसत आणि चालकाला कळू न देता प्रत्येक थांब्याची वेळ टिपत. आपल्यावर घड्याळ लावलंय हे कळलं की चालक नीट चालवतो, मग खरा अंदाज येत नाही. बायकोच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. आठवडाभर रोज तिच्याबरोबर फिरायला गेले आणि खिशातल्या घड्याळावर तिची चाल मोजली. निकाल लागला. ही बाई त्या टेकडीवर काही चढत नाही.

त्यांनी मुलीला परस्पर कळवून टाकलं, की मी एकटाच येतो, आईला झेपणार नाही. आई काय म्हणाली, असं मुलीनं विचारलं. काय म्हणणार, काका म्हणाले, तिलाही पटलंय. मुलगी म्हणाली, मी खाली बंदरावर घ्यायला येते, एकटे चढू नका. लेकीची माया बघून काका सुखावले.

खरं तर काकूंना त्यांनी नंतर सांगितलं. काकू नुसतं 'बरं' म्हणाल्या आणि निळं कापड घेऊन लेकीच्या खिडकीचा पडदा शिवायला बसल्या. तो तेवढा घेऊन जा, म्हणाल्या. लेकीचं पहिलं घर आपल्याला बघायला मिळणार नाही, याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात काका पुलाजवळच्या थांब्यावर बदली कामाला होते. समोरून काकू आल्या. खांद्यावर पडद्यांचं भलंमोठं गाठोडं. त्या जिन्याला लागल्या आणि न थांबता, कठड्याला हातही न लावता वर पोचल्या. काकांनी सवयीनं घड्याळ बघितलं आणि त्यांचं डोकंच तापलं. म्हणजे गुडघ्याचं सगळं सोंग होतं तर! आत्ताच्या आत्ता हिला रंगेहाथ पकडायचं म्हणून ते तिच्या मागे जिना चढायला लागले.

अर्ध्या जिन्यात त्यांचा श्वास शिट्टी वाजवायला लागला. पाय शिशाचे झाले. ते कठडा धरून खाली बसले आणि लोक त्यांना वळसा घालून जाऊ लागले. ज्या पायरीवर बसले ती त्यांच्या ओळखीची होती. रोज काकू इथेच थांबायच्या.

नव्या कारकुनांना काका पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवत. गाडी उशिरा आली की लगेच चालकाला धरू नका, आधी तिच्या पुढे कोण होतं ते बघा. पुढची रेंगाळली की मागच्या बिचारीचा इलाज नसतो. इतकी वर्षं हे ज्यानं दुसऱ्यांना शिकवलं त्यानं आठवडाभर बायकोची वेळ मोजली, आणि तिच्या वाटेत कोण आहे ते बघितलं नाही. पुलाचा जिना, दवाखान्याचा चढ, सगळी ठिकाणं त्यांना आठवली. प्रत्येक ठिकाणी आधी त्यांना धाप लागली होती आणि मग काकूंचा गुडघा दुखला होता. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथून उठून कामावर गेले, पण दिवसभर कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. लग्नातली ती नक्कल राहून राहून आठवत होती.

संध्याकाळी काकू पडद्याची पट्टी दुमडत बसल्या होत्या. काका पाणी प्यायले, पुन्हा प्यायले.

"तुझे गुडघे कधीपासून दुखतात?"

काकूंनी वर बघितलं. मग त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.

"दुखत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, यांना सावकाश चालवा. तुम्हाला तसं सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम पळाला असता."

हे खरंच होतं. ते नक्की पळाले असते.

"चारचौघांत मी तुला काय काय बोललो," काका म्हणाले. "तेव्हा तरी सांगायचंस."

"चारचौघांतच कसं सांगणार?"

आवाजात राग नव्हता, आणि तेच काकांना जास्त लागलं. भांडली असती तर त्यांना बोलायला काहीतरी सुचलं असतं. आपण हिला लेकीच्या घरी जायचं नाही म्हणून सांगितलं आणि ही आपली अब्रू झाकायला 'बरं' म्हणाली. माफी मागावी असं त्यांना फार वाटत होतं. पण उभ्या आयुष्यात ते काम केलेलं नसल्यामुळे सुरुवात कुठून करायची ते कळेना. शेवटी त्यांनी काकूंच्या समोरच मुलीला फोन लावला.

"आई येतेय," ते म्हणाले. "तिचे गुडघे ठणठणीत आहेत. दम मला लागतो." एवढं बोलायलासुद्धा त्यांना थांबावं लागलं. "तुझ्या त्या पायऱ्यांवर मधे कुठे टेकायला जागा आहे का, तेवढं बघून ठेव."



"बघून ठेवलंय, बाबा," मुलगी म्हणाली. "प्रत्येक वळणावर बाक आहे. ते बघितल्याशिवाय घर घ्यायचंच नाही, असं आईनं मला सांगून ठेवलं होतं."