गोठ्यातली हाडं
फॉर्मेलिनचा वास आला की मला पनवेलचा आमचा गोठा आठवतो. मुंबईला डॉक्टरी शिकणारा माझा थोरला भाऊ परीक्षेच्या अभ्यासाला माणसाच्या खऱ्या हाडांची पेटी घेऊन घरी आला होता, आणि सोवळ्यात चालणार नाहीत म्हणून आईने त्याला हाडांसकट गोठ्यात बसवलं होतं. कॉलेजातल्या सरांच्या संशोधनाचं कामही त्याच्या गळ्यात होतं; त्यासाठी फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्या नमुन्यांच्या बाटल्याही त्याने आणल्या होत्या. त्या बाटल्यांचा वास गाईंच्या वासात मिसळून जाई. हळूहळू त्याची झोप उडाली, जेवण सुटलं, बोलणंही आटलं. ‘हाडांची बाधा, दुसरं काय!’ आई म्हणाली. मग एका सकाळी तो आंघोळीला गेलेला पाहून वडिलांनी ती हाडं उचलली आणि तीळ-तांदूळ वाहून गाढी नदीत सोडली. पेटी रिकामी बघून भावाने ती उपडी करून झटकली. ‘त्या जिवाला गती दिली रे,’ वडील हळूच म्हणाले, ‘आता तुलाही झोप लागेल.’ भाऊ बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, ‘अण्णा, मेलेल्याचं केलंत. माझं काय?’ ‘परीक्षा होऊ दे, सगळं ठीक होईल,’ वडील म्हणाले. परीक्षेपर्यंत तो जगलाच नाही. वडिलांच्या तेव्हाच्या वयाहून आज मी मोठा आहे, आणि त्या दिवशी भावाला काय म्हणायला हवं होतं, ते मलाही अजून सुचलेलं नाही.