जांभळ्या तोंडाची नवरी

माझं लग्न ठरलं तेव्हा माझं तोंड जांभळं होतं. लाजेनं माणूस लाल होतो, रागानंही लालच होतो. मी जांभळी झाले होते ती औषधानं.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आमचं गाव कोरेगावच्या पुढं. तिथल्या बोअरच्या पाण्यात काहीतरी होतं, त्यामुळं अर्ध्या गावाचे दात पिवळसर. सगळ्यांचेच तसे असल्यानं कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं, मला बघून गेलेल्या कराडकडच्या पाहुण्यांचा निरोप येईपर्यंत. मध्यस्थ चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "पोरगी बरी हाय, शिकलेली हाय. पर त्यास्नी दात जरा पिवळं वाटलं."

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी हा निरोप सरहद्दीवरून आल्यासारखा ऐकला. मध्यस्थ गेल्यावर म्हणाले, "रविवारी तासगावकडचं पाव्हणं येत्यात. तवर दात पांढरं झालं पायजेत."

मी आत जाऊन आरशात बघितलं. तोवर मी आरशात केस बघायची, कपाळ बघायची. त्या दिवशी पहिल्यांदा ओठ मागं ओढून नुसते दात बघितले आणि कुणी जवळ नाही असं बघून थोडी रडले. (रडतानाही तोंड मिटून रडले.)

दुसऱ्या दिवसापासून घरात मोहीम सुरू झाली. आईनं गोवरीची राखुंडी वस्त्रगाळ करून दिली. दादांचा त्यावर विश्वास नव्हता. "परेडच्या आदी आमी पितळंचं बिल्लं चिंचंनं घासायचो. आरशागत चमकायचं." आई म्हणाली, "आवं, ते पितळ. हे दात हायत." दादा म्हणाले, "पिवळं ते पिवळंच." आणि चिंच-मिठाची वाटी माझ्यापुढं ठेवली.

माझी आत्या आमच्याकडंच राहायची. तिनं कनवटीची मिश्रीची डबी काढून माझ्यापुढं धरली. "ही लाव. माजा एक दात हालला न्हाई आजवर." तिचा एकही दात हलला नव्हता हे खरं होतं, आणि एकही दात पांढरा राहिला नव्हता हेही खरं होतं. जाळलेल्या तंबाखूची पूड ती, दुसरं काय होणार. मी डबी परत केली. त्यात माझ्या मैत्रिणीनं कुठल्याशा मासिकात वाचलेला खायचा सोडा आणि लिंबू सुचवलं.

शहाण्या माणसानं यातलं एक काहीतरी निवडलं असतं, किंवा काहीच नसतं निवडलं. मी बीए झालेली. मी सकाळी राखुंडी, दुपारी चिंच-मीठ आणि संध्याकाळी सोडा-लिंबू असा क्रम लावला. सोड्यावर लिंबू पिळलं की तोंडात फेस यायचा आणि मला वाटायचं, चला, काहीतरी निघतंय.

गुरुवारी दात इतके आंबले की भातसुद्धा चाववेना. शुक्रवारी तोंड आलं. जिभेवर फोड, गालाला आतून फोड, हिरड्या सोललेल्या. आणि दात? होते तसेच. उलट बाकीचं तोंड लालभडक झाल्यामुळं ते जरा जास्तच पिवळे दिसायला लागले.

शनिवारी दादांनी मला सायकलवर डबलसीट कोरेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर कुठल्याशा लग्नाला गेलेले. कंपाउंडरनं "आ करा" म्हटलं, मी आ केला. त्यानं एका काडीला कापूस गुंडाळला, बाटलीत बुडवला आणि भिंतीला रंग द्यावा तसा माझ्या तोंडात फिरवला. जीभ, हिरड्या, गाल, ओठ, काही म्हणून ठेवलं नाही. सढळ हाताचा माणूस होता. आग मात्र जरा कमी झाली. मी हसून त्याचे आभार मानले, तेव्हा बाकावरचं एक तान्हं पोर मला बघून किंचाळलं.

घरी आल्यावर आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. "ह्ये काय करून आनलंय?"

जांभळं औषध. ते धुऊन जात नाही, पुसून जात नाही, आणि आता घासायची कुणाची छाती नव्हती. पाहुण्यांना उद्या येऊ नका म्हणावं तर त्यांच्या गावात फोन नव्हता. शेवटी दादांनी हुकूम काढला. "तोंड उघडायचं न्हाई. इचारलं तर मान हालवायची. बाकी आक्का बोलंल." आक्का म्हणजे आत्या.

आता मी कशी होते ते सांगायला हवं. मी झोपेतसुद्धा बोलायची. आमच्या गल्लीत सकाळी माझा आवाज आला नाही तर शेजारीण तब्येतीची चौकशी करायला यायची.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा सांगलीकडं सूतगिरणीत फिटर होता आणि आल्यापासून सतरंजीकडं बघत बसला होता. मी पोहे ठेवले, ओठ घट्ट मिटून पाटावर बसले. ओठांवर आईनं गोरेपणाची पावडर थापली होती, त्यामुळं ते जांभळ्याचे राखाडी झाले होते.

मामांनी विचारलं, "नाव काय?"

आत्या म्हणाली, "सुनंदा."

"शिक्षान?"

"बीए झालीया," आत्या म्हणाली.

"सैपाक येतो का?"

"पुरनपोळी लय झ्याक करती."

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "आवं आत्याबाय, आमी पोरगी बघाय आलोय. तुमास्नी न्हवं."

खिडकीबाहेर शेजारणी जमल्या होत्या, त्यातली एक खोकली. दादा म्हणाले, "लाजरी हाय जरा." आता तिघी खोकल्या.

मामांना संशय आला. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "ह्ये वाचून दाखव बरं." मी मान हलवली. "येत न्हाई व्हय?" मी पुन्हा मान हलवली. आता माझ्या मान हलवण्याचा अर्थ काय होतो ते मलाही कळेना. मामा दादांकडं वळले. "हवालदार, बीए म्हनला हुता तुमी. पोरगी बोलती तरी का?"

दादांचे कान लाल झाले. 'लाजरी हाय' हे त्यांचं आयुष्यातलं पहिलं खोटं होतं. मामा उठले आणि चप्पल शोधायला लागले. दादा तसेच मान खाली घालून बसलेले. ते मात्र मला बघवेना.

"येतंय मला वाचायला," मी म्हणाले.

आख्खं तोंड उघडलं. मामा दोन पावलं मागं सरकले. "आगागा, ह्ये काय झालंय हिला?"

मग मी थांबलेच नाही. कराडचे पाहुणे, राखुंडी, पितळेचे बिल्ले, मासिक, कंपाउंडर, सगळं एका दमात सांगितलं, आणि हातासरशी वर्तमानपत्रातले मथळेही वाचून दाखवले. थांबले तेव्हा मामांच्या हातात एकच चप्पल होती. आई पदर डोळ्याला लावून बसली होती.

पहिल्यांदा हसली ती मुलाची आई. पदराआड हसत होती, मग हसू आवरेना म्हणून पदर सुटला. बघते तर तिचे सगळे दात मिश्रीनं काळेभोर. "माजं काळं, हिचं जांभळं," ती म्हणाली, "आन् म्हनं दात बघून पोरगी करायची. बसा ओ मामा, पोहं गार व्हायल्यात." (बहिणीपुढं मामांचं काय चालणार. ते बसले.)

तेव्हा मुलानं सतरंजीवरची नजर पहिल्यांदा वर उचलली आणि मला विचारलं, "दुखतंय का अजून?"

आठवडाभरात माझे दात सगळ्यांनी बघितले होते. दुखतंय का, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी नाही म्हणाले, ते खोटं होतं. पण मनातल्या मनात लग्नाला मी हो म्हणून मोकळी झाले होते.

पुढं सांगलीत संसार मांडल्यावर एकदा दातांच्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी तपासून सांगितलं, "हे डाग पाण्याचे आहेत, लहानपणीच दातांत उतरलेले. घासून जात नाहीत. तुम्ही घासून घासून वरचा थर मात्र घालवलात. मऊ ब्रश वापरा, दोन वेळा हलक्या हातानं घासा, आणि चिंच आमटीत घाला." मग आरसा हातात घेऊन म्हणाले, "हं, आता तोंड उघडा."

बाजूला उभे असलेले आमचे हे, लग्नानंतर जेमतेम शंभर वाक्यं बोललेला माणूस, म्हणाले, "डॉक्टर, उघडायचं तिला सांगावं लागत नाही. मिटायचं काही औषध असलं तर बघा."

यावर माझ्याकडं फार चांगलं उत्तर होतं. पण तोवर डॉक्टरांचा आरसा आत गेला होता.